लघवीत प्रोटीन 'ट्रेस' आलंय? त्या पिवळ्या-हिरव्या पट्टीला नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही

हेल्थ चेकअपचा रिपोर्ट येतो. साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक, आणि खाली युरीनच्या भागात एक ओळ असते, 'प्रोटीन: ट्रेस' किंवा 'प्रोटीन: १+'. बास, पुढे काही लिहिलेलं नाही. मग मोबाईलवर शोधाशोध सुरू होते आणि दहा मिनिटांत माणूस मनाने थेट डायलिसिसच्या बेडवर पोचलेला असतो. दुसऱ्या टोकाला असेही लोक भेटतात की ज्यांना कित्येक वर्षं डायबिटीस आहे, दरवेळी 'प्रोटीन: निल' येतं, आणि ते निवांत असतात की चला, किडनीचं टेन्शन नाही. खरं सांगायचं तर मला या दोघांत दुसऱ्याची काळजी जास्त वाटते. का, ते पुढे येईलच.

ती ओळ बहुतेक वेळा एका प्लॅस्टिकच्या अरुंद पट्टीवरून लिहिलेली असते. पट्टीवर छोटे छोटे रंगीत चौकोन चिकटवलेले असतात, प्रत्येक चौकोन वेगळ्या गोष्टीसाठी, कुठला साखरेसाठी, कुठला रक्तासाठी, कुठला प्रोटीनसाठी. पट्टी लघवीत बुडवायची, बाहेर काढायची, रंग बघायचा. हिला डिपस्टिक म्हणतात. स्वस्त, झटपट, सुई नाही की काही नाही. पण ही पट्टी एका ठराविक प्रश्नाचंच उत्तर देते आणि आपण तिला भलतेच प्रश्न विचारत बसतो, सगळा घोळ तिथे होतो.

## लघवीत प्रोटीन येतंच कुठून?

आपल्या रक्तात कितीतरी प्रकारची प्रोटीन्स असतात, त्यातलं सगळ्यात जास्त असतं ते अल्ब्युमिन. हे लिव्हर बनवतं. १०० मिली रक्तद्रवात साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम अल्ब्युमिन असतं आणि त्याचं मोठं काम म्हणजे पाणी रक्तवाहिन्यांच्या आत धरून ठेवणं. ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं आणि पाय, डोळ्यांखालची जागा सुजायला लागते.

आता किडनी. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ, डॉक्टर त्याला ग्लोमेरुलस म्हणतात, आपण गाळणीच म्हणू. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं पुढच्या नळ्यांमध्ये परत शोषून घेतलं जातं आणि शेवटी बाहेर पडते ती दीड-दोन लिटर लघवी. गाळणीच्या भिंतीला तीन थर असतात, आणि अल्ब्युमिनला ती दोन कारणांनी अडवते: एक तर त्याचा आकार मोठा आहे, आणि दुसरं म्हणजे रक्तात त्याच्यावर ऋण भार असतो आणि भिंतीवरही ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना लांब ढकलतात. तरीही थोडंफार निसटतंच, पण नळीतल्या पेशी त्यातलं बरंचसं परत ओढून घेतात.

म्हणजे धडधाकट माणसाच्या लघवीतही प्रोटीन अगदी शून्य नसतं. दिवसभरात एकूण प्रोटीन १५० मिलिग्रॅमच्या आत आणि त्यातलं अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत, हे नॉर्मल धरतात. बाकीच्यात एक भाग तर किडनीच्या नळ्याच स्वतः सोडत असतात, त्याचा रक्ताशी संबंधही नसतो.

डायबिटीस, बरीच वर्षं राहिलेलं हाय बीपी, गाळणीलाच येणारी सूज, अशा कारणांनी भिंत खराब झाली की अल्ब्युमिन जास्त निसटायला लागतं. आणि हे होताना काही दुखत नाही, खुपत नाही. माणसाला काही कळायच्या आधी लघवीला कळतं, म्हणून ही तपासणी.

## रंग बदलतो कसा? ही गंमत बघण्यासारखी आहे

पूर्वी हे काम उष्णतेवर चालायचं. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावर सूज, लघवीत अल्ब्युमिन आणि खराब झालेली किडनी या तीन गोष्टी एकत्र जोडून दाखवल्या, आणि त्यांची टेस्ट काय होती, तर चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर धरायची! अल्ब्युमिन असेल तर ते तापून गोठतं आणि लघवी पांढरट गढूळ होते. पट्ट्या आल्या त्याच्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी. अमेरिकेतल्या एम्स कंपनीत हेलन फ्री आणि आल्फ्रेड फ्री या केमिस्ट नवरा-बायकोंनी १९५६ मध्ये आधी साखरेची पट्टी आणली, आणि पाठोपाठ १९५७ मध्ये अल्ब्युमिनची.

आता त्या चौकोनात काय असतं ते बघू. शर्टावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लागला की तो लाल होतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. हळद तीच, पण आजूबाजूला साबणाचा क्षार आला की तिचा रंग बदलतो. अशा आम्ल-क्षार ओळखून रंग बदलणाऱ्या रंगाला इंडिकेटर म्हणतात. प्रोटीनच्या चौकोनातही असाच एक इंडिकेटर असतो, टेट्राब्रोमोफिनॉल ब्लू नावाचा किंवा त्याचा एखादा भाऊबंद. तो चांगल्यापैकी आम्लात पिवळा असतो, आम्ल कमी झालं की हिरवा आणि मग निळा होत जातो.

पण मग कुणाची लघवी जरा जास्त आम्ल, कुणाची कमी, त्यानेच रंग बदलेल ना? म्हणून चौकोनात इंडिकेटरच्या जोडीला सायट्रेटचं बफर घातलेलं असतं. बफर म्हणजे आम्लता एका ठिकाणी अडवून धरणारं मिश्रण. लघवी कशीही असो, चौकोनाचा पीएच (आम्लतेचा आकडा, जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त) ते ३ च्या आसपास धरून ठेवतं, म्हणजे नियमाने रंग पिवळाच राहायला पाहिजे. आणि तिथे अल्ब्युमिन आलं की मजा होते. एवढ्या आम्लात अल्ब्युमिनवरचा भार उलटा होऊन धन झालेला असतो, ऋण भाराचा रंगाचा रेणू त्याला जाऊन चिकटतो, आणि चिकटताना स्वतःकडचा हायड्रोजन आयन सोडून देतो. हायड्रोजन सोडलेलं रूप निळं असतं. म्हणजे आम्लता तसूभरही बदललेली नाही आणि इंडिकेटर मात्र बदलल्यासारखा वागतो. थोडक्यात, तो फसतो! केमिस्ट लोक याला 'प्रोटीन एरर' म्हणतात, आणि ज्या सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये पीएचची मोजपट्टी दिली त्यांनाच आम्लता मोजताना ही अडचण दिसली होती. त्यांच्यासाठी ती डोकेदुखी होती, पुढे कुणीतरी त्याच चुकीची टेस्ट बनवली. मला तरी हे फार भारी वाटतं.

पिवळ्या चौकोनावर निळा चढत गेला की डोळ्याला आधी पोपटी, मग हिरवं, मग निळसर हिरवं दिसतं. जेवढं अल्ब्युमिन जास्त तेवढा निळा जास्त.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हा रंग अल्ब्युमिनला पटकन चिकटतो, बाकीच्या प्रोटीन्सना फारसा नाही. तेव्हा रिपोर्टवर 'प्रोटीन' असं लिहिलेलं असलं तरी पट्टीने बघितलेलं असतं ते मुख्यतः अल्ब्युमिन.

## ट्रेस, १+, २+ म्हणजे किती?

कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून बाटलीवरचा रंगांचा तक्ता हाच खरा. पण साधारण हिशोब असा की १+ म्हणजे एका डेसिलिटरमध्ये (१०० मिलीमध्ये) सुमारे ३० मिलिग्रॅम, २+ म्हणजे १००, ३+ म्हणजे ३००, आणि ४+ म्हणजे बऱ्याच पट्ट्यांवर २००० किंवा जास्त. ट्रेस म्हणजे १+ च्या खाली, 'काहीतरी आहे बहुतेक' एवढंच. पायऱ्या समान नाहीत हे बघितलंत का? १+ वरून २+ म्हणजे दुप्पट नव्हे, तिपटीहून जास्त आहे.

आणि हे सगळे आकडे 'एका डेसिलिटरमध्ये किती' असे आहेत, दिवसभरात किती गेलं ते यात कुठेच नाही. माझ्या मते अख्ख्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, तेव्हा एक गणित करून बघू. समजा एका माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅम प्रोटीन जातंय, सगळं पट्टीला दिसणारं आहे असं धरू. त्याने पाणी कमी प्यायलं, दिवसभरात जेमतेम अर्धा लिटर लघवी झाली, तर डेसिलिटरला ३० मिलिग्रॅम झालं, रिपोर्ट १+. त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी प्यायलं, तीन लिटर लघवी झाली, तर डेसिलिटरला ५ मिलिग्रॅम, रिपोर्ट निल. किडनी तीच, गळती तेवढीच, एक दिवस घाबरायचं आणि एक दिवस पार्टी करायची असं कसं चालेल?

म्हणून रिपोर्टमध्ये शेजारीच 'स्पेसिफिक ग्रॅव्हिटी' नावाचा आकडा असतो तो बघायचा, त्यावरून लघवी किती घट्ट होती ते कळतं. १.०३० च्या घट्ट लघवीत ट्रेस आलं तर बऱ्याचदा त्यात फार काही नसतं. पण १.००५ म्हणजे जवळजवळ पाण्यासारख्या लघवीतही १+ आलं, तर मात्र ते गंभीरपणे घ्यायचं.

## एक मिनिट म्हणजे एक मिनिटच

पट्टी वापरायची पद्धत सोपी दिसते आणि चुका तिथेच होतात. ताजी लघवी, स्वच्छ कोरड्या डबीत, शक्यतो सुरुवातीची धार सोडून मधली. पट्टी बुडवायची की लगेच बाहेर, पाच-दहा सेकंद बुडवून ठेवायची नाही, कारण चौकोनातली रसायनं धुऊन जातात, आणि बफरच धुऊन गेलं तर वर सांगितलेलं सगळं गणित कोसळलं. बाहेर काढताना पट्टीची कड डबीच्या काठावर ओढून जादा थेंब निपटायचा आणि पट्टी आडवी धरायची. उभी धरली की वरच्या चौकोनातलं पाणी खालच्यात उतरतं आणि दोघांचेही रंग बिघडतात. मग घड्याळ लावायचं. प्रोटीनचा चौकोन बहुतेक पट्ट्यांमध्ये ६० सेकंदांनी वाचायचा असतो, शेजारच्या चौकोनांच्या वेळा वेगळ्या असू शकतात. पाच मिनिटांनी परत येऊन 'अरे आता हिरवं दिसतंय' असं म्हणण्यात काही अर्थ नाही, वेळ टळून गेल्यावरचा रंग धरायचाच नाही.

उजेडही महत्त्वाचा. पिवळ्या बल्बखाली पिवळा आणि पोपटी यातला फरक ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. पट्टी तक्त्याशेजारी धरून चांगल्या पांढऱ्या उजेडात बघायची. आणि बाटलीचं झाकण! हवेतल्या ओलाव्याने पट्ट्या खराब होतात म्हणून बाटलीत ओलावा शोषणारी पुडी असते किंवा झाकणातच ती सोय असते, ती काढून टाकायची नाही, बाटली बाथरूममध्ये ठेवायची नाही, एक पट्टी काढली की लगेच झाकण घट्ट.

'पण आमच्या लॅबमध्ये तर मशीन वाचतं!' हो, आणि ते चांगलंच आहे, कारण मशीन वेळ पाळतं आणि चौकोनावरून परावर्तित झालेला उजेड मोजतं, डोळ्यांचा गोंधळ टळतो. पण चौकोनातलं रसायन तेच आहे, त्यामुळे रसायनाच्या मर्यादाही त्याच.

## पट्टी उगाच हिरवी कधी होते?

लघवी फारच क्षारीय असेल, म्हणजे पीएच ८ च्या वर वगैरे, तर बफरची ताकद अपुरी पडते आणि प्रोटीन नसतानाही चौकोन हिरवट होतो. बराच वेळ तशीच पडून राहिलेल्या लघवीत किंवा काही प्रकारच्या जंतुसंसर्गात असं होऊ शकतं. क्लोरहेक्सिडीनसारखं अँटिसेप्टिक लावून जागा साफ केली आणि ते सॅम्पलमध्ये उतरलं तरी तेच. पाळीचं रक्त, अंगावरून जाणारं पांढरं, वीर्य, यातलं काही मिसळलं तर प्रोटीन खरंच असतं पण ते किडनीतून आलेलं नसतं. पाळीच्या दिवसांत ही टेस्ट पुढे ढकललेलीच बरी.

मग काही वेळा प्रोटीन खरंच किडनीतून येतं पण तेवढ्यापुरतंच. ताप, जोरदार व्यायाम, शरीरात पाणी कमी पडणं, मोठं आजारपण. लांब पल्ल्याची रेस पळून आल्यावर लगेच तपासलं तर कितीतरी निरोगी लोकांच्या लघवीत प्रोटीन सापडेल, आणि दोन दिवसांत ते गायबही होईल. तेव्हा ताप असताना केलेल्या युरीनवरून किडनीचा निकाल लावू नका, बरं झाल्यावर परत करा.

टीनएजर मुलांमध्ये आणखी एक मजेशीर प्रकार दिसतो. काहींच्या लघवीत उभं असताना, हिंडता-फिरताना प्रोटीन उतरतं आणि झोपलेलं असताना अजिबात नाही. हा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. ओळखायची पद्धत अशी की रात्री झोपायच्या अगदी आधी लघवीला जाऊन यायचं आणि सकाळी उठल्या उठल्या पहिली लघवी तपासायची, तिच्यात प्रोटीन नसलं आणि दुपारच्यात असलं तर उत्तर मिळालं. (त्यासाठी पोराला सकाळी वेळेवर उठवणं हा या टेस्टचा अवघड भाग.)

## 'निल' आलंय, म्हणजे सुटलो ना?

आता सुरुवातीच्या त्या निवांत माणसाकडे येऊ.

डायबिटीसमध्ये किडनीची गळती एकदम सुरू होत नाही, हळूहळू वाढते. नॉर्मल म्हणजे दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आत अल्ब्युमिन, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालीय, आणि ३०० च्या वर म्हणजे चांगलीच वाढलीय. दिवसाला दीड लिटर लघवी धरली तर ३० मिलिग्रॅम म्हणजे डेसिलिटरला २, आणि ३०० मिलिग्रॅम म्हणजे डेसिलिटरला २०. पट्टीला अल्ब्युमिन दिसायला लागतं तेच साधारण १५ ते ३० च्या आसपास. म्हणजे २ ते २० हा जो पट्टा आहे, जिथे त्रास पकडला तर औषधांचा सगळ्यात चांगला उपयोग होतो, तो जवळजवळ सगळाच्या सगळा साध्या पट्टीच्या नजरेखालून निसटतो. रिपोर्टवर 'निल' येत राहतं, वर्षानुवर्षं.

त्यामुळे ज्याला डायबिटीस किंवा हाय बीपी आहे त्याने 'युरीन रुटीन'वर समाधान मानू नये, एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो) नावाची टेस्ट मागून घ्यावी. काही ठिकाणी ती 'मायक्रोअल्ब्युमिन' या नावानेही लावतात. यात एकाच सॅम्पलमध्ये अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन दोन्ही नीट मोजतात आणि भागाकार करतात. भागाकार कशाला? क्रिएटिनिन हा स्नायूंमधून तयार होणारा कचरा, तो रोज साधारण एकाच वेगाने लघवीतून बाहेर पडतो. लघवी पातळ असेल तर अल्ब्युमिनही विरळ आणि क्रिएटिनिनही तेवढंच विरळ, भागाकारात पाणी कटून जातं. वरच्या गणितातल्या 'अर्धा लिटर की तीन लिटर' या भानगडीवर हा साधा आणि हुशार उपाय आहे, दिवसभराची लघवी कॅनमध्ये गोळा करत बसायला नको. उत्तर येतं ते एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती मिलिग्रॅम अल्ब्युमिन असं, आणि इथेही रेषा त्याच, ३० आणि ३००. फक्त स्नायू भरपूर असलेल्याचा आकडा जरा कमी आणि अगदी कृश माणसाचा जरा जास्त दिसू शकतो एवढं ध्यानात ठेवायचं.

टाइप २ डायबिटीसमध्ये निदान झाल्यापासूनच दरवर्षी ही टेस्ट करायला सांगतात, टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर दरवर्षी. एकदा जास्त आली तर लगेच शिक्का मारत नाहीत, कारण हा आकडा दिवसागणिक वरखाली होतो. तीन ते सहा महिन्यांत केलेल्या तीनपैकी दोन वेळा जास्त आला तर ते खरं धरतात.

पट्टीच्या नजरेतून सुटणारी दुसरीही गोष्ट आहे, कमी लोकांना लागू पडते पण महत्त्वाची आहे. मल्टिपल मायलोमा नावाच्या कॅन्सरमध्ये लघवीतून वेगळ्याच जातीचं प्रोटीन जातं, बेन्स जोन्स प्रोटीन. ते अल्ब्युमिन नसल्यामुळे पट्टी बिचारी पिवळीच राहते. सल्फोसॅलिसिलिक ॲसिड घालून लघवी गढूळ होते का बघायची एक जुनी टेस्ट आहे, तिला मात्र सगळी प्रोटीन्स दिसतात. पट्टी निल आणि ही टेस्ट पॉझिटिव्ह असा विसंवाद दिसला की डॉक्टरांचे कान टवकारतात.

## 'क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग लघवीचं कशाला मनावर घ्यायचं?'

हा प्रश्न फार वेळा ऐकू येतो. रक्तातलं क्रिएटिनिन हे किडनी किती काम करतेय ते सांगतं, आणि किडनीकडे एवढी जादा ताकद असते की निम्म्याच्या आसपास काम कमी होईपर्यंत ते बऱ्याचदा नॉर्मलच्या आतच दिसत राहतं. गाळणी गळायला लागलीय हे लघवी त्याच्या बरंच आधी सांगू शकते. दोन्ही टेस्ट वेगवेगळे प्रश्न विचारतात, एकीचं उत्तर दुसरीच्या जागी वापरता येत नाही. शिवाय लघवीतलं अल्ब्युमिन हे नुसत्या किडनीचं लक्षण नाही, ज्यांच्यात ते जास्त असतं त्यांना हार्टचा धोकाही जास्त असतो.

## 'मी प्रोटीन पावडर घेतो, म्हणून आलं असेल'

नाही. आपण खाल्लेलं प्रोटीन पोटात आणि आतड्यात तुटतं, त्याचे अमिनो ॲसिडसारखे बारीक तुकडे होतात आणि तेच रक्तात जातात. पट्टीला ते तुकडे दिसत नाहीत. ती बघते ते अल्ब्युमिन लिव्हरने बनवलेलं असतं, डब्यातली पावडर काही जशीच्या तशी लघवीत उतरत नाही. ज्याची किडनी आधीच आजारी आहे त्याने प्रोटीन किती खावं हा वेगळा विषय आहे आणि तो डॉक्टरांशी बोलायचाच, पण पट्टी हिरवी आली तर 'पावडरमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका.

## 'फेस येतो, म्हणजे प्रोटीन जातंय?'

कधी कधी. प्रोटीन जास्त असेल तर फेस येतो आणि तो लवकर विरत नाही हे खरं. पण जोरात धार पडली तरी फेस येतो, लघवी घट्ट असली तरी येतो, कमोडमध्ये क्लीनर शिल्लक असला तरी येतो. फेस बघून निदान करता येत नाही, पण रोजच येतोय आणि बराच वेळ टिकतोय तर एक टेस्ट करून टाका. उलट बाजूने, फेस नाही म्हणजे काही नाही हेही खोटं, सुरुवातीच्या गळतीत फेसबिस काही नसतो.

## दोन ठिकाणी ही पट्टी फारच कामाची

एक, गरोदरपणात. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर जायला लागलं आणि लघवीत प्रोटीन आलं तर प्रीएक्लॅम्प्सियाची शंका घेतात, हा आई आणि बाळ दोघांसाठी धोक्याचा आजार आहे. म्हणून दर व्हिजिटला बीपी आणि लघवी. पट्टी पॉझिटिव्ह आली की पुढे नीट मोजून खात्री करतात. मात्र प्रोटीन नसतानाही प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो, त्यामुळे बीपी वाढलंय, डोकं प्रचंड दुखतंय, डोळ्यांसमोर चमकतंय, बरगड्यांखाली उजवीकडे दुखतंय असं काही असेल तर 'पट्टी तर निल आहे' म्हणून थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

दुसरं, लहान मुलांमधला नेफ्रोटिक सिंड्रोम. यात गाळणीतून एवढं प्रोटीन जातं की मुलाचं अंग सुजतं, सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले दिसतात आणि सुरुवातीला ॲलर्जी समजून औषधं चालतात. स्टेरॉइडने बहुतेक मुलं सुधारतात पण आजार परत परत उलटतो. इथे घरची पट्टी खरी हिरो आहे. आईवडिलांना शिकवतात की सकाळची पहिली लघवी तपासा आणि वहीत लिहा. सलग तीन दिवस ३+ किंवा जास्त आलं म्हणजे आजार उलटला, लगेच डॉक्टरांना कळवा. सलग तीन दिवस निल किंवा ट्रेस आलं म्हणजे आटोक्यात आला. सूज दिसायच्या कितीतरी आधी पट्टी सांगते, त्यामुळे उपचार वेळेत सुरू होतात. इथे पट्टीचा ढोबळपणा आड येत नाही, कारण फरकच एवढा मोठा असतो की आंधळ्यालाही दिसावा.

## मग सगळ्यांनीच घरी पट्ट्या आणून ठेवाव्यात का?

माझं मत, नाही. काही त्रास नसलेल्या माणसाने रोज पट्टी बुडवत बसलं तर कधी ना कधी ट्रेस येणारच, आणि मग ते नसतं टेन्शन. मुलांची शाळेतच लघवी तपासायची पद्धत जपानमध्ये १९७४ पासून आहे, पण तिथे पॉझिटिव्ह आलेल्या मुलाला परत तपासायची, मग डॉक्टरकडे पाठवायची अशी साखळी मागे उभी आहे. घरी एकट्याने काढलेल्या रंगामागे अशी साखळी नसते. डॉक्टरांनी सांगितलं असेल, मुलाला नेफ्रोटिक असेल, तर जरूर ठेवा.

आणि एकदा ट्रेस किंवा १+ आलंच असेल तर काय करायचं? ताप, व्यायाम, पाळी यातलं काही नसताना सकाळची पहिली लघवी परत तपासा, त्याच वेळी एसीआर किंवा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करून घ्या, बीपी मोजा, रक्तातलं क्रिएटिनिन बघा. गळती तीन महिन्यांहून जास्त टिकली तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात आणि कारण शोधतात. पण ३+ आलंय, किंवा प्रोटीनबरोबर रक्तही आलंय, किंवा अंगावर सूज आहे, तर वाट बघत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. गळती कमी करणारी चांगली औषधं आज आहेत, बीपीच्या गोळ्यांमधल्या 'प्रिल' आणि 'सार्टन' नावाने संपणाऱ्या गोळ्या गाळणीतलं प्रेशर कमी करतात, आणि 'ग्लिफ्लोझिन' गटातल्या डायबिटीसच्या गोळ्याही किडनीला जपतात. आणि हो, या ग्लिफ्लोझिनवाल्या गोळ्या मुद्दाम लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यामुळे त्या चालू असतील तर त्याच पट्टीवरचा साखरेचा चौकोन गडद येणारच, रक्तातली साखर कितीही छान असली तरी. ते बघून गोळी बंद करू नका, लॅबवाल्याला गोळीचं नाव सांगा.